बॅप्टिस्टची भिंत

दुपारचं जेवून बॅप्टिस्ट झोपला, की नदी रुंद व्हायची.

जागेपणी ती नदी काही फार नव्हती. नॅशनल पार्काच्या डोंगरातून उतरायची, बोरिवलीच्या इमारतींच्या पाठीमागून अंग चोरत जायची आणि खाडीत तोंड लपवायची. गावठाणाच्या अंगाला तिला उंचच्या उंच भिंत, पलीकडच्या चाळींच्या अंगाला बुटकी, आणि तळालाही सिमेंट. उन्हाळ्यात वाकून पाहिलं तर लांबलचक हौदात पाणी सोडायचं कुणी विसरून गेलंय असं वाटावं. पण बॅप्टिस्टची आरामखुर्ची त्याच्या घरामागच्या वाडीत नेमकी त्या उंच भिंतीला लागून असायची. टोपी डोळ्यांवर आली, की पाठीमागची भिंत आधी मऊ पडायची, मग पातळ व्हायची, आणि मग नसायचीच. मग दिसायची वाळू, पाण्यावर ओणवलेले करंज, पाण्यात पाय सोडून बसलेले काळे दगड. त्या दगडांवरून त्याची बायको ज्युलिया लाल लुगड्याचा काचा खोचून पलीकडे जात असायची.

ती कधी मागे वळून बघायची नाही. तो हाक मारायचा, पण स्वप्नातला गळा बसलेला. पलीकडे काय आहे तेही कधी दिसायचं नाही, तेवढ्या भागात ऊनच फार असायचं. मग जाग यायची, पाठीला सिमेंट लागायचं आणि चहाची वेळ झालेली असायची.

माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण हट्टी. हट्टी म्हणजे कसा, तर दोन हजार पाचच्या जुलैत बोरिवलीभर पाणी चढलं तेव्हा ज्युलिया वाडीतल्या कोंबड्या सोडायला खाली गेली आणि परत आली नाही. तिला खाडीच्या तिवरांतून आणावं लागलं. तिला मातीत ठेवल्यावर बॅप्टिस्टने रडणं बाजूला ठेवलं आणि भिंतीचा ध्यास घेतला. या हापिसातून त्या हापिसात चपला झिजवल्या, साहेबांच्या दारात बसून राहिला, गावठाणातल्या पोरांना घेऊन रस्त्यावर आडवा झाला. शेवटी भिंत आली. सिमेंट ओलं होतं तेव्हा त्याने खिळ्याने त्यात बायकोचं नाव कोरलं. नोव्हेंबरात मयतांच्या दिवशी सारा गाव सिमेट्रीत मेणबत्त्या लावतो. बॅप्टिस्ट तिथे लावायचा आणि घरी येऊन भिंतीपाशीही लावायचा. त्यानंतर गावठाणात पाणी शिरलं नाही हे खरंच होतं, त्यामुळे भिंतीबद्दल वाकडं बोलायची कुणाची छाती नव्हती.

आणि अशा घरात वेन्डी जन्मली होती. बॅप्टिस्टची एकुलती एक लेक, आई गेली तेव्हा शाळकरी, आता पुराच्या पाण्याचं काम करणारी इंजिनिअर. तिचं ऑफिस अंधेरीला. नदी पुन्हा नदीसारखी करायचा आराखडा तिच्या ऑफिसकडे आला, तेव्हा तिच्या साहेबाने हसत हसत गावठाणाकडचं हे टोक तिच्याच गळ्यात घातलं. म्हणाला, तुझे वडीलच ना ते, सोपं जाईल. त्या बिचाऱ्याला बॅप्टिस्ट माहीत नव्हता.

पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. जेवताना बोंबलाच्या कालवणात भात कालवत वेन्डी म्हणाली, "पप्पा, भिंत काढायचीय."

"कुठली?"

"आपली."

बॅप्टिस्टने काटा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. "तुला बरं नाय काय?"

"आधी ऐक ना. पाडून मोकळं नाय सोडायचं, मागे घ्यायचीय. गावाच्या कडेने मातीचा बांध घालायचा, रुंद, तुझ्या डोक्याहून उंच. वाडीची जमीन थोडी उतरवायची. मोठं पाणी आलं आणि खाडीला भरती असली, तर पाणी वाडीत पसरेल, दम घेईल, ओहोटी लागली की आपल्या पायाने निघून जाईल. तळाचं सिमेंट पण उखडणार. काठाला जाळीतले दगड, त्यात वाळा, करंज, उंबर. मैला वाहायला वेगळा नळ टाकलाय वरच्या अंगाला. बेडूक परत येतील रे."

"बेडकांसाठी माझी वाडी?"

"पाण्यासाठी. त्याला आपण जागा ठेवलीय कुठे? दोन्हीकडून दाबलं की ते धावतं नि जिथे बुटकं दिसेल तिथे चढतं."

"जिने तुझ्या आईला नेलं, तिला घरात घे म्हणतेस." बॅप्टिस्ट उठला. "मी मेल्यावर काढ. तोवर कुणी हात लावला तर मी आडवा पडेन. मला सवय हाय."

पोरगी बापावर गेलेली. तिने वाद घातला नाही, दुसरीकडून डाव टाकला. तिचं लग्न ठरलं होतं, ईस्टरनंतर, मनोरीच्या जेफ्रीशी. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायचं असतं. बँड लावून, लुगडी नेसून सगळा गोतावळा बावीवर, म्हणजे विहिरीवर जातो, बावीला नारळ आणि घोटभर दारू देतो, घागरी भरतो आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतो. आता गावठाणातल्या बावी एक तर बुजलेल्या, नाहीतर झाकण टाकून वर गाड्या उभ्या केलेल्या. पण हौस कुणाला सुटते? लोकांनी तोड काढली होती. मांडवाच्या मागे प्लास्टिकचं पिंप ठेवायचं, त्यात विकतच्या जारमधलं पाणी ओतायचं, पिंपाला उंबराची डहाळी बांधायची, गावाला वळसा घालून वाजतगाजत त्याच पिंपापाशी यायचं आणि त्याला बाव म्हणायचं. म्हाताऱ्या बाया पिंपात दारूही ओतायच्या, आणि नवरी बाथरूममधून बाहेर आली की तिला जरा वास यायचा.

"मी पिंपातल्या पाण्याने न्हाणार नाय," वेन्डीने सांगितलं. "आपल्या बावीचं पाणी पायजे. मम्मीला त्याच बावीचं आणलं होतं ना?"

"ती सुकलीय."

"का सुकली?"

वेन्डीने मुद्दाम विचारलं होतं, कारण उत्तर तिला माहीत होतं. बॅप्टिस्टला वाटत होतं त्यालाही माहीत आहे. वाडीतली ती बाव ज्युलियाची. ती नवरी म्हणून आली ते त्या पाण्याने न्हाऊन, वेन्डीचा पहिला लंगोट धुतला तो त्या पाण्याने. ती गेली आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत बाव खडखडीत झाली. पाणीसुद्धा माणूस ओळखतं, असं बॅप्टिस्ट म्हणायचा. बाव दुखवट्यात आहे असं त्याने मनाशी धरलं होतं. तिच्यावर फळ्या टाकून त्याने वर एक तुळशीची कुंडी ठेवली होती, आणि फळ्या उचलायला गेलेल्या माणसावर तो काठी घेऊन धावायचा.

"रुसलीय ती," तो म्हणाला आणि खुर्चीकडे गेला.

त्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये दोन्ही काठांच्या लोकांची सभा झाली. वेन्डीने पडद्यावर चित्रं दाखवली. मग बॅप्टिस्ट उठला. त्याने चित्रांबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त त्या जुलैची गोष्ट सांगितली. गावठाणातल्या बाया रुमालात रडल्या, पुरुषांनी बाकं बडवली, आणि वेन्डीने लॅपटॉप मिटला. आपण आपल्या लेकीला हरवलं याचं बॅप्टिस्टला वाईट वाटलं, पण भिंत वाचली होती.

बाहेर पायरीवर एक सावळी, ठेंगणी बाई त्याची वाट बघत थांबली होती. पांढरं पातळ, हातात पिशवी.

"बॅप्टिसभाऊ, मी द्रौपदी. पलीकडच्या चाळीतली. इस्पितळात आया होते, आता घरीच असते. तुमची भिंत एकदा आमच्याकडून बघून जावा."

"भिंत ती भिंत. दोन्हीकडून सारखीच."

"येऊन तर बघा. उद्या दुपारी या."

दुपार म्हणजे झोपेची वेळ. पण बाईच्या बोलण्यात भांडण नव्हतं, म्हणून त्याला नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या तो निघाला. खरं तर तिचं घर त्याच्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर होतं, पण जायचं म्हणजे रिक्षाने पुलावरून भलामोठा वळसा. एवढं आयुष्य या काठाला गेलं आणि आपण त्या काठाला कधी पाय ठेवला नाही, हे त्याला रिक्षात बसल्यावर सुचलं.

द्रौपदीच्या दोन खोल्यांत शिरल्यावर त्याला घर काहीतरी विचित्र वाटलं, पण काय ते आधी कळेना. मग दिसलं. पलंगाच्या चारी पायांखाली दगड होते. फ्रिज विटांच्या ओट्यावर. दिव्यांची बटणं माणसाने हात वर करून लावावीत इतकी उंच. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर छताच्या जवळ, फळीवर. सगळं घर चवडे उंचावून उभं होतं.

"असं का?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला समजलं.

"तुमच्या अंगाला उंच झाली तवापासून पानी आमच्याकडं चढतंय," द्रौपदी म्हणाली. "दरसाल नाय, पन मोठा पाऊस नि भरती एका टायमाला आली की शिरतंच. आकाश, माझा पोरगा, विमानतळावर नोकरीला हाय. त्याला तिथं काळे ढग दिसले की पयला फोन मला करतो, आई, गादी उचल. सासू जिती होती तवा तिला माळ्यावर चढवायचो दोघं मिळून. आता सवय झाली. भांडाया नाय बोलावलं मी तुमाला."

मागचं दार उघडं होतं. तिथून बॅप्टिस्टने आपली भिंत पाहिली. काळी, शेवाळलेली, आभाळाचा खालचा भाग खाऊन टाकणारी. त्या अंगाला ज्युलियाचं नाव नव्हतं. तिकडून ती भिंत म्हणजे नुसती कुणाची तरी पाठ होती. तो मागे सरकून खिडकीजवळच्या खुर्चीत बसला.

"ज्युलियाबाय तिथंच बसायची," द्रौपदी म्हणाली.

"कोण?"

"तुमची ज्युलियाबाय. रोज दुपारची यायची हितं. दगडावरून, काचा खोचून. पानी कमी असलं की."

"रोज?"

"पावसाळा सोडून रोज. तुमी झोपलेले असायचे ना. म्हनायची, आमचं ध्यान घोरतंय, चहाच्या आधी जायला पायजे." द्रौपदी हसली. "आमच्याकडची ज्वारीची भाकरी नि ठेचा लई आवडायचा तिला. तांदळाची भाकरी म्हनजे पापड, म्हनायची. मला सुकट आनायची फडक्यात बांधून. पयल्या बाळंतपनात माझं कोन नव्हतं हितं, जालन्यासनं कोन येनार? तिनंच केलं समदं."

"मला कधी बोलली नाय."

"त्यात काय बोलायचं भाऊ? बाई बाईकडं जाते." मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, "त्या दिवशी बी कोंबड्या सोडून येनार होती. मी भाकरी झाकून ठेवली होती. नंतर पानी आलं नि टोपलीच गेली."

बॅप्टिस्टला राग आला होता, स्वतःच्या झोपेचा. हसूही आलं होतं, त्या ध्यानाचं. आणि या सगळ्याखालून इतकी जुनी, इतकी ताजी आठवण वर येत होती, की तो खुर्चीची दांडी धरून बसला. द्रौपदी चहा टाकायला आत गेली. दुपारची वेळ, पोट भरलेलं, खिडकीतून येणारं ऊन आणि स्टोव्हचा सूं सूं आवाज. म्हातारा माणूस तो. परक्या घरात, परक्या खुर्चीत त्याचा डोळा लागला.

भिंत मऊ पडली, पातळ झाली. नदी रुंद झाली. वाळू, करंज, काळे दगड. पण या वेळी तो या काठाला होता, आणि ज्युलिया समोरून येत होती. काचा खोचलेला, हातात फडक्याची पुरचुंडी, कपाळावर घाम. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा त्याला स्वप्नात पहिल्यांदा दिसला. ती कुठूनही निघून जात नव्हती. येत होती, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, घाईघाईने, चहाच्या आत परत पोचायचं म्हणून.

जाग आली तेव्हा चहा निवला होता आणि द्रौपदी दारात भाजी निवडत बसली होती.

"बाय," तो घसा साफ करत म्हणाला, "थोडी भाकरी हाय काय?"

संध्याकाळी तो घरी आला आणि वेन्डीला म्हणाला, "घे काढून."

वेन्डीने कारण विचारलं नाही. बापाने एवढं मोठं काहीतरी हातातून खाली ठेवलंय, हे तिला दिसत होतं.

मशीन आलं, कापाकापी सुरू झाली. आधी बांध उभा राहिला, मग भिंत गेली. नावाचा तुकडा वेगळा काढून ठेवू का, असं वेन्डीने विचारलं. बॅप्टिस्टने त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. "नको," म्हणाला, "बाकीच्या तुकड्यांबरोबर काठाच्या जाळीत भर. ती एका जागी बसणारी बाई नव्हती." वाडी उतरवली, तळाचं सिमेंट उखडलं. खालची माती पहिल्यांदा ऊन बघत होती. त्या मातीला इतका वास होता, की काम करणारी माणसंही मधूनच थांबून नाक वर करायची. नदीत दगडांचे उतरते बांध घातले, त्यात पाणी अडखळून बोलायला लागलं. बॅप्टिस्टची दुपारची झोप उडाली. तो खुर्चीत जागाच बसायचा आणि समोर जे दिसतंय ते स्वप्न की काय, याचा त्याला पत्ता लागत नसे.

बावीच्या फळ्या त्यानेच उचलल्या. तळाला ओल होती. काही दिवसांनी ती चिखल झाली, मग हातभर पाणी. नदीच्या अंगाने झरत येणारं, नितळ.

"पप्पा," वेन्डी कठड्यावर वाकून म्हणाली, "भिंतीचा पाया पार चिकणमातीपर्यंत खोल नेला होता. नदीचं पाणी जमिनीतून बावीला झिरपायचं, ते पायाने अडवलं. ती रुसली नव्हती रे."

बॅप्टिस्टला हे लागलं. दुखवटा बावीने नव्हता धरला, त्यानेच तिला कोंडून ठेवलं होतं आणि वर कुंडी मांडून पूजा केली होती. "आधी का नाय सांगितलंस?" त्याने विचारलं. "काठी घेऊन धावला असतास," वेन्डी म्हणाली, आणि दोघंही हसले.

ईस्टरनंतर बँड वाजला. लाल लुगड्यांची रांग वाडीत उतरली. पाणी जेमतेम होतं, घागरी अर्ध्याच भरल्या, त्यातही तळाचा ढवळलेला गाळ. नारळ सोडायचा मान एका सवाष्णीचा असतो, म्हणून गावातल्या एका काकूने तो सोडला. पण पहिली घागर वर ओढायला बॅप्टिस्टने द्रौपदीला पुढे केलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. काहीजणी कुजबुजल्याही. "ज्युलियाची मैत्रीण," एवढंच तो म्हणाला, आणि घुमट वाजवणाऱ्याला खूण केली.

एवढ्यावर गोष्ट संपवता आली असती. पण नदी कुणाच्या लग्नाने थोडीच समाधान पावते? जुलैत एका सकाळी आभाळ खाली आलं. डोंगरावर पाऊस थांबेना, आणि दुपारच्या भरतीने खाडी फुगली. गावठाणातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. प्रत्येकाची नजर अधूनमधून बॅप्टिस्टकडे वळत होती. भिंत काढू दिली ती त्याने. आता पाणी गावात शिरलं, तर त्याची जबाबदारीही त्याचीच.

माहेरपणाला आलेली वेन्डी छत्री घेऊन बापाच्या शेजारी उभी होती. आपला सगळा हिशेब बरोबर आहे हे तिला माहीत होतं, पण तिची आईसुद्धा याच वाडीतून गेली होती.

तपकिरी पाणी आलं. काठाच्या दगडांपाशी जरा थबकलं आणि वाडीत शिरलं. बॅप्टिस्टने मनात ज्युलियाचं नाव घेतलं. पाणी धावलं नाही. वाळ्याच्या जुड्यांतून वाट काढत, इकडे तिकडे वळत, ते वाडीभर पसरलं. बाव बुडाली, उंबराचं रोप गळ्यापर्यंत गेलं. पाणी बांधाला लागलं, चढलं, अर्ध्यावर येऊन थांबलं आणि तिथेच हळूहळू फिरत राहिलं. पाऊस पडत होता आणि समोर एक मोठं, शांत तळं होतं.

गावातल्या माणसांनी श्वास सोडले. कुणीतरी बॅप्टिस्टच्या पाठीवर थाप मारली. पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो हाताने पाऊस अडवत पलीकडे बघत होता.

"द्रौपदीबाय!" तो ओरडला. आवाज पावसात विरला. त्याने तोंडाशी हात धरले आणि सगळा जीव एकवटून पुन्हा हाक दिली. "बाय! पानी आलं काय घरात?"

बऱ्याच वेळाने मागचं दार उघडलं. पांढरं पातळ दिसलं. ती उंबऱ्यात येऊन खाली वाकली, हाताने जमीन चाचपली आणि सरळ उभी राहिली.

"कोरडं हाय!" तिचा आवाज पाण्यावरून आला. "भाऊ, पार कोरडं!"

बॅप्टिस्ट बांधावरच्या चिखलातच खाली बसला आणि सगळ्या गावासमोर ढसाढसा रडला. वेन्डीने त्याच्यावर छत्री धरली.